गवतावरची काजळी

फोटो गुरुवारी परत आला, आणि भिंतीवर चढताक्षणीच आल्बिना युर्कोनिसला तो खटकला.

तिला दिसतं कुठे, असं कुणीही म्हटलं असतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. स्वयंपाकघरातलं घड्याळ म्हणजे तिला पांढरी थाळी दिसायची, आणि दारात उभा राहिलेला माणूस म्हणजे कपडे घातलेलं धुकं. डॉक्टर म्हणायचा, अर्ध्या तासाचं काम आहे, करून टाका. आल्बिना म्हणायची, बघण्यासारखं होतं ते सगळं बघून झालंय, आणि उरलंय ते न बघितलेलंच बरं. पण हात तिचे शाबूत होते. रोझलीनं, तिच्या लेकीनं, फोटो खिळ्याला अडकवला तशी म्हातारी पुढे झाली आणि चौकटीच्या डाव्या कोपऱ्यावर हात फिरवला. तिथे काहीच नव्हतं.

"झावळी कुठाय?"

"आहे की, मा. ही काय, इकडे."

"इकडे म्हणजे उजवीकडे."

"मग काय झालं?"

"झावळ्यांच्या रविवारी फादरच्या हातून आणलेली झावळी मी जन्मभर डावीकडे खोचत आले. खाली माझा बाप बसलाय म्हणून. उजवीकडे कोण बसलाय माहितेय? तो गुडाइटिस. एक नंबरचा दारुडा. माझ्या झावळीनं त्याचा उद्धार कशाला?"

रोझली हसली. जरा जास्तच हसली, असं आल्बिनाला वाटलं. एरवी आईच्या बोलण्यावर नाक मुरडणारी ही पोरगी आज इतकी गोड का? पोरगी कसली म्हणा, साठीला आलेली बाई. पण आईसमोर खोटं बोलताना अजून तिचा आवाज शाळेतल्यासारखा वर चढायचा.

"छान झालाय ना गं पुसून?" रोझली म्हणाली. "काच तर कशी लख्ख केलीय त्यानं."

"काच मीही लख्ख करते," आल्बिना म्हणाली, आणि गप्प बसली. ती गप्प बसली की घरातल्यांनी सावध व्हावं. रोझली एवढी वर्षं काढूनही ते शिकली नव्हती.

फोटो होता क्रो हॉलोच्या खाणीच्या बेसबॉल संघाचा. खाण केव्हाच बंद पडली, तिच्यामागचा काळा डोंगर तेवढा राहिला, पण संघ आल्बिनाच्या भिंतीवर अजून उभा होता. पाच जण मागे, चार जण पुढे एक गुडघा टेकून. ढगळ विजारी, छातीवर शिवलेला कावळा. पुढच्या रांगेत डावीकडून पहिला तिचा बाप, अँटनास. तो कॅचर, यष्टीरक्षकासारखा मागे बसून चेंडू झेलणारा. उशीएवढा हातमोजा गुडघ्यावर ठेवलेला, उन्हानं डोळे बारीक केलेले. बाकीचे आठ जण कॅमेऱ्याकडे बघत होते. हा एकटा कॅमेऱ्याच्या जरा वर बघत होता आणि ओठाच्या कोपऱ्यातून हसत होता.

आणि खाली, त्यांच्या पायांपुढच्या गवतावर, एक काळा डाग होता.

घरात सगळ्यांना तो काजळीचा वाटायचा. वाटणारच. शेगडीत कोळसा, तळघरात कोळसा, आणि दर शनिवारी भिंती पुसल्या नाहीत तर रविवारी बोट फिरवून त्यांवर नाव लिहावं. रोझली आठ-नऊ वर्षांची असताना शनिवारच्या साफसफाईत तिनं काच काढून त्या डागाला ओला फडका लावायला घेतला होता. आल्बिनानं मागून येऊन तिच्या कानाखाली अशी लगावली की पोरीच्या हातातला फडका पडला. का मारलं, ते सांगितलं नाही. सांगायची पद्धत त्या घरात नव्हती.

डाग काजळीचा नव्हता. ती आल्बिनाची आई होती.

ओना तिचं नाव. चर्चच्या जत्रेत सोडतीत तिला एक पेटीसारखा कॅमेरा लागला, आणि मग सगळ्या गावाचे फोटो तीच काढायची. पोरांचा पहिला ख्रिस्तप्रसाद, लग्न, मयत, काहीही असो, ओनाला बोलवा. कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही, म्हणून तिचा फोटो कुणी काढलाच नाही. लग्नातला एक होता. तो आणि कॅमेरा दोन्ही घराबरोबर जळाले, आल्बिना पाळण्यात असताना. हा संघाचा फोटो तेवढा बंबवाल्यांच्या हॉलमध्ये टांगलेला, म्हणून वाचला. पुढे आल्बिना चार वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा आई गेली. चेहरा आठवत नव्हता. आठवायचा म्हटलं तर सावत्र आईचाच यायचा, आणि तो तिला नको होता.

एकदा, सावत्र आई कोंबड्यांना दाणे घालायला गेली असताना, बापानं फोटो खाली उतरवला आणि कोळशानं कायमचं काळं झालेलं नख त्या डागावर ठेवलं. "ही बघ. ऊन पाठीमागून होतं म्हणून सावली पुढे पडली. ही तिची टोपी. ही कोपरं, कॅमेरा धरलाय ना पोटाशी. आणि हा बाजूचा फुगवटा दिसतो? तो अर्धा कॅमेरा आहे आणि अर्धी तू." मग दार वाजलं, आणि बापानं फोटो परत टांगला. पुन्हा कधी त्यावर बोलणं झालं नाही. आल्बिनानंही ती गोष्ट कुणाला दिली नाही. सगळं आयुष्य वाटण्यात गेलं, जेवण वाटलं, कपडे वाटले, नवऱ्याचं आजारपण वाटून घेतलं. एवढं एक तिनं स्वतःकडे ठेवलं होतं.

आणि त्याच फोटोवर त्या हॅलमची नजर पडली.

ड्वाइट हॅलम शहराकडून आला होता, वसंतात. मऊ बूट, मऊ आवाज. जुन्या बेसबॉल संघांचे फोटो गोळा करायचे, संगणकावर त्यांचे ओरखडे बुजवायचे, डाग काढायचे, आणि दाराएवढे मोठे करून छापायचे, हा त्याचा धंदा. हॉलमध्ये कुणीतरी त्याला सांगितलं की मूळ फोटो म्हातारीकडे आहे. आला तडक स्वयंपाकघरात.

"मॅम, आठवडाभर द्या फक्त. अगदी नवा करून आणतो."

"तू माझ्या बापाला नवा करणार?"

"लोकांना फार आवडतात हो. हॉटेलांत लावतात, वकिलांच्या ऑफिसात लावतात. गेल्या महिन्यात एका दाताच्या डॉक्टरनं पाच घेतले."

"दाताचा डॉक्टर! माझ्या बापाच्या तोंडात शेवटी चार दात होते. त्यानं असल्या भिंती कधी आतून बघितल्या नाहीत, आणि आता त्यांवर लटकणार काय? ऊठ. कॉफी संपव आणि ऊठ."

तो उठला. पण जाताना फोटोसमोर थांबला, डोकं एका बाजूला करून बघत राहिला. आल्बिनाला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण श्वास ऐकू येत होता. कसायानं गाय बघावी तसा तो बघतोय, असं तिचं तेव्हापासून मत झालं.

मग उन्हाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा शेगडीच्या वरच्या भिंतीवर हाताला नुसता खिळा लागला.

"मीच दिला त्याला," रोझली म्हणाली होती. "हॉलसाठी मोठा करतोय. ऑगस्टच्या जत्रेत लावणार आहेत सगळ्यांसमोर. तुझ्या वडिलांचाच मान आहे ना, मा. आणि तुझा परत येतोय तुला, जसाच्या तसा."

जसाच्या तसा. आता तो परत आला होता.

रोझलीची गाडी कोपऱ्यावरून वळल्याचं ऐकू आलं तशी आल्बिनानं फोटो खाली काढला आणि टेबलावर पालथा घातला. मागचा कागद नवा. ठीक आहे, कागद बदलला असेल. मग तिनं नाक लावलं. या चौकटीला एक वास होता, शेगडीचा, कोबी उकडल्याचा, तिच्या नवऱ्याच्या पाइपचा. आता दुकानातल्या नव्या बुटासारखा वास आला. तेही एक वेळ ठीक. तिनं चिमट्यानं मागचे खिळे उपसले, काच बाजूला केली आणि फोटोवर अंगठा ठेवला.

त्या फोटोला एक चीर होती. गुडाइटिसच्या गुडघ्यापासून वर निघून मागच्याच्या खांद्यापर्यंत गेलेली. डोळे जायला लागल्यापासून आल्बिना अधूनमधून काच काढून त्या चिरेवरून अंगठा फिरवायची, कुणी नसताना. आज अंगठा गुडघ्यापाशी सुरू केला आणि वर नेला. गुळगुळीत. पुन्हा नेला. ताटासारखं गुळगुळीत.

तिनं शेजारच्या कॅझी वायटकसला हाक मारली. कॅझी खाणीत होता, आणि रविवारी रविवारी अंपायर. त्यामुळे त्याच्या डोळ्यांवर गावानं कधीच विश्वास ठेवला नव्हता, पण आज दुसरे डोळे नव्हते.

"चष्मा लाव. आणि फक्त विचारीन तेवढंच सांग."

"दे. काय बघू?"

"चीर आहे?"

"आहे की. ही अशी गुडाइटिसच्या गुडघ्यातून वर."

"नीट बघ."

"आल्बी, चीर ती चीर. ढळढळीत आहे."

"बोट लाव तिला."

कॅझीनं बोट लावलं. मग काढलं, बोटाकडे बघितलं, पुन्हा लावलं. "आयला," तो म्हणाला. "दिसतेय, पण लागत नाही."

"आता खाली बघ. गवतावर. मधोमध काय आहे?"

"गवत."

"काळं काही?"

"काळं कशाला असेल? गवत आहे, छान. मैदान आपलं इतकं चांगलं कधी होतं, मला आठवत नाही."

आल्बिना खुर्चीत बसली. फोटो तिनं कॅझीच्या हातातून ओढून घेतला. कॅझी पाणी आणायला धावला, तर तिनं हात झाडून त्याला थांबवलं.

"तू रडतेयस का काय?"

"मी? मोतीबिंदूचं पाणी आहे ते. कुणाला एक शब्द बोललास ना कॅझी, तर नव्वद साली तू त्या अंतिम सामन्यात काय घेऊन काय निकाल दिलास ते मी हॉलमध्ये उभी राहून सांगेन."

"मी काही घेतलं नव्हतं!"

"मग भ्यायलास कशाला?"

त्या दिवसापासून पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत आल्बिनाच्या डोक्यात एकच भुंगा. हॅलमनं बदली केलीय. खरा फोटो ठेवून घेतला आणि म्हाताऱ्या आंधळीच्या गळ्यात नक्कल मारली. आणि नक्कलही कशी, चीर काढून ठेवली बरोबर, म्हणजे कुणाला वाटावं जुनाच आहे! एवढी अक्कल चोरालाच असते. खरा आता कुठे असेल? कुणा वकिलाच्या भिंतीवर? आई त्याच्या टेबलासमोर, गवतावर, आणि तो तिच्याकडे पाठ करून कागदांवर सह्या करतोय? की विकलासुद्धा? की आई आधी पुसली आणि मग विकला?

रोझलीला तिनं काही विचारलं नाही. रोझली भोळी. तिला विचारलं तर ती लगेच त्या माणसाला फोन करेल, आणि तो सावध होईल. पण आणखी एक बारीक काटा होता, आणि तो ती उपटत नव्हती. रोझली रोज येत होती. रोज फोटोसमोर उभी राहत होती. आणि रोज विचारत होती, "बरा वाटतोय ना गं भिंतीवर?" एवढं कोण विचारतं?

शनिवारी जत्रा. बंबवाल्यांच्या हॉलसमोरचा रस्ता बंद, टेबलं लागलेली, आत बायका मोठ्या कढयांत बटाट्याच्या ब्लीनी, म्हणजे जाड धिरडी, तळतायत, बाहेर अकॉर्डियन. आल्बिना कॅझीच्या हाताला धरून आली. दुसऱ्या हातात बाजाराची पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली चौकट.

"भांडायचं नाही हं आल्बी," कॅझी कुजबुजला.

"मी कुठे भांडते? चोराला चोर म्हटलं की तो नाही म्हणतो आणि निघून जातो. चोराला हुशार म्हणायचं असतं. मग तो बसतो."

हॉलमधल्या बारच्या वर, भिंतीवर, पडदा होता. फादर दोन शब्द बोलले, बंबवाल्यांचा प्रमुख चार बोलला, आणि त्यानं पडदा ओढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी मारली. आल्बिनाला वर एक मोठं राखाडी आकाश दिसलं, त्यात नऊ उभे ढग. शेजारी कुणी म्हणत होतं, बापरे, बुटाची नाडीसुद्धा दिसतेय. दुसरी म्हणाली, आमच्या आजोबांचं नाक बघा, हुबेहूब आपला टॉमी. आल्बिना कान देऊन ऐकत होती. गवताबद्दल कुणी काही बोललं नाही.

हॅलमला तिनं स्वतः आपल्या टेबलाशी बोलावून घेतलं. त्याच्यासमोर ब्लीनीची ताटली सरकवली.

"खा. मागच्या खेपेला तुला कॉफीवर हाकललं. मनाला लागलं माझ्या."

"नाही नाही मॅम, त्यात काय..."

"शिकलेला माणूस आहेस. जाणकार आहेस. मला एक गोष्ट सांगशील? माझ्याच्यानं बघवत नाही आता." तिनं पिशवीतून चौकट काढली, टॉवेल सोडला आणि फोटो त्याच्यापुढे ठेवला. "हा किती जुना असेल, तुझ्या मते?"

टेबलाभोवतीचं बोलणं कमी झालं. कॅझीनं घसा साफ केला. कढईपाशी रोझली होती, तिच्या हातातला झारा कढईच्या काठावर वाजला, आणि मग वाजायचा थांबला. आल्बिनानं तो थांबलेला ऐकला.

"जुना?" हॅलम म्हणाला. घास तोंडातच होता. "मॅम, हा जुना नाहीये. हा मीच छापलाय, जुलैत."

आल्बिना तयारीनं बसली होती. तो म्हणेल, असेल ऐंशी वर्षांचा, आणि मग ती त्याचं बोट धरून चिरेवर ठेवेल, सगळ्यांसमोर. आता तिला काय करावं कळेना. बोट धरायला तिनं हात पुढे केला होता, तो तसाच ताटलीपाशी राहिला.

"तूच छापलास," ती म्हणाली.

"हो. तुमच्यासाठीच तर. चीर मुद्दाम ठेवली, तुमच्या मुलीनं सांगितलं होतं तसं. सवयीचा वाटायला हवा म्हणाली." त्यानं मान वळवली. "तुम्ही सांगितलं नाही यांना?"

हे शेवटचं तो कढईकडे बघून बोलला.

आल्बिनाला वळायची गरज पडली नाही. रोझलीची पावलं ती तिच्या चालायला लागल्यापासून ओळखत होती. ती आली आणि टेबलाच्या पलीकडे उभी राहिली, पदर नसलेल्या बायका ऍप्रनचं टोक चुरगाळतात तशी.

"मा, इथे नको."

"इथेच. माझा फोटो कुठाय?"

"माझ्याकडे आहे. घरी. नीट पेटीत, मऊ कागदात..."

"विकलास?"

"काय बोलतेस!"

"मग चोरलास."

"चोरला नाही!" रोझलीचा आवाज वर चढला, पण आता तो शाळेतला नव्हता. "वाचवला. शेगडीच्या वर टांगलाय तू तो, मा. वाफ, धूर, कोबी. कडा काळ्या पडल्यात, तुकडे निघतायत. ड्वाइट म्हणाला अजून थोडी वर्षं, मग हातात नुसती भुकटी येईल. तुला सांगितलं असतं तर दिला असतास?"

"नसता दिला."

"मग?"

"मग आंधळीला नक्कल टांगून दिलीस. तिला कुठे कळतंय. रोज येऊन विचारत होतीस, बरा वाटतो ना. मी इथे या परक्या माणसाला शिव्या देतेय मनात, आणि चोर माझ्याच पोटचा."

अकॉर्डियन बाहेर चालूच होता, त्याला कुणी थांबवलं नव्हतं.

"आणि आईला का पुसलं?" आल्बिना म्हणाली.

"कुणाला?"

"आईला. माझ्या. खाली गवतावर होती ती."

रोझली टेबलावरच्या फोटोवर वाकली. मग हळूच म्हणाली, "तो डाग?"

"ती सावली होती," हॅलम म्हणाला. त्यानं ताटली बाजूला सारली होती. "मला वाटलंच होतं. फोटो काढणाऱ्याची. मी विचारलं यांना, खाली काय आहे, तर म्हणाल्या, काजळी आहे, आईच्या शेगडीची, तेवढी काढाच. आणि खरं सांगायचं तर विचारलं नसतं तरी काढली असती. आम्ही काढतोच. जुन्या फोटोंत नेहमी असते, ऊन पाठीशी घेऊन काढायचे ना. भिंतीवर लावणाऱ्याला स्वच्छ गवत हवं असतं."

"नेहमी असते?"

"पुष्कळदा."

"आणि तू नेहमी काढतोस?"

"...हो."

"देवा रे," आल्बिना म्हणाली. "आजवर किती जणांच्या आया पुसल्यास तू?"

हॅलमनं वर बारवरच्या मोठ्या चित्राकडे बघितलं. मग म्हणाला, मूळ फोटोची न पुसलेली प्रत संगणकात आहे, हे खाली उतरवतो, महिन्याभरात सावलीसकट दुसरं लावतो. आल्बिना म्हणाली, तोवर त्यावर पडदा ओढून ठेव. बंबवाल्यांच्या प्रमुखानं सगळ्या गावाला ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला, आणि खुर्चीवर चढला.

"ब्लीनी संपव," ती हॅलमला म्हणाली. "तू चोर नाहीस. गाढव आहेस. गाढवाला आम्ही उपाशी पाठवत नाही."

रोझलीनं ऍप्रन तिथेच टेबलावर टाकला आणि आईला गाडीत बसवलं. रोझलीच्या घरी जिन्याखाली कपाट होतं, कपाटात सर्वांत वर एक चपटी पेटी. ती तिनं आणून आईच्या मांडीवर ठेवली, झाकण काढलं, कागद उलगडला.

आल्बिनानं आधी नाक लावलं. शेगडी. कोबी. पाइप. मग अंगठा. गुडाइटिसचा गुडघा अंदाजानं शोधला, आणि अंगठा वर नेला. चीर नखाला अडली. तिनं श्वास सोडला.

"मी थप्पड खाल्ली होती या डागासाठी," रोझली म्हणाली. ती शेजारी जमिनीवरच बसली होती, गुडघ्यांचं दुखणं विसरून. "आठवतं तुला?"

"आठवतं."

"तेव्हाच सांगितलं असतंस तर?"

आल्बिनानं आपलं बोट लेकीपुढे धरलं. "ठेव तिच्यावर. मला आता सापडत नाही नीट."

रोझलीनं ते बोट धरून खाली गवतावर आणलं. थोडं डावीकडे सरकवलं, थोडं वर.

"हे काय?"

"ही टोपी," रोझली सावकाश म्हणाली. "काठ आहे तिला, रुंद. मग खांदे. कोपरं बाहेर आलीत दोन्ही, काहीतरी धरल्यासारखी." ती थांबली. "मा, हिचा एक खांदा उतरता आहे. माझ्यासारखा. मला शाळेत सरळ उभी राहा म्हणून ओरडायचे बघ."

हे बापानं सांगितलं नव्हतं. आल्बिनाला ठाऊक नव्हतं. डोळे धड होते तेव्हा तिनं हजार वेळा त्या सावलीकडे बघितलं होतं, टोपी, कोपरं, फुगवटा, आणि पुन्हा टोपी. खांदा तिनं कधी बघितलाच नव्हता. की पोरगी आईला खूश करायला बनवून सांगतेय? त्या गुरुवारपासून हिच्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवून काय मिळालं?

"आणि बाजूला?" तिनं विचारलं. पारखून बघायला.

"बाजूला फुगलंय. कॅमेऱ्याचा कोपरा असावा. पण कॅमेऱ्यापेक्षा मोठं आहे, गोल आहे." रोझलीनं वर बघितलं. "पोटुशी होती का गं ती?"

आल्बिनानं मान डोलावली. बरं, म्हणजे एवढं तरी खरं सांगतेय.

"फोटो समोरच्या खोलीत लावायचा," ती म्हणाली. "शेगडीपासून लांब. झावळी डावीकडे. आणि ती नक्कल कॅझीला देऊन टाक, त्याला ते गवत आवडलंय."

"हो."

"आणि त्या डोळ्यांच्या डॉक्टरला सोमवारी फोन लाव."

रोझलीनं तिचा हात घट्ट धरला. "खरंच? आजीला बघायला?"

"तुझ्यावर नजर ठेवायला," आल्बिना म्हणाली. "उतरता खांदा म्हणे. बघते ना मी, उतरता आहे की नाही ते."

पेटीचं झाकण लागलं. आल्बिनानं ते लगेच पुन्हा उघडलं, अंगठा आत घातला, चीर आहे याची खात्री केली, आणि मगच लेकीला गाडी काढायला सांगितलं.